सहकारी बँकेची वेबसाइट दिव्यांगांना वापरता यावी यासाठी खर्च किती आणि पदरात काय पडतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीकडच्या एका छोट्या वेब कंपनीला नागरी सहकारी बँकेची साइट नव्याने करायचं काम मिळतंय. विचारणारा डेव्हलपर आहे आणि अंध, कर्णबधिर, हात नीट न चालणारे अशा सगळ्यांना साइट वापरता यावी असं त्याला वाटतं. त्याचे साहेब म्हणतात, 'दर दीडपट होईल, काम हातचं जाईल.' बँकेचे संचालक म्हणतात, 'आपल्याकडे अंध खातेदार आहेतच किती?' खर्च खरंच एवढा येतो का, आणि बदल्यात बँकेला काय मिळतं?

मी आधी साइट बनवायचो. आता माझा बहुतेक वेळ इतरांनी बनवलेल्या साइट तपासण्यात जातो, त्यामुळे दोन्ही बाजूंचं रडगाणं ओळखीचं आहे. माझं मत आधीच सांगतो. सुगम्यतेचा, म्हणजे दिव्यांगांनाही साइट वापरता यावी अशी करण्याचा, खर्च काम कधी करता त्यावर ठरतो. त्यातला मोठा भाग जिथे लोकांना वाटतो तिथे, म्हणजे कोडमध्ये, नसतोच. तो पीडीएफमध्ये, बाहेरून घेतलेल्या सेवांमध्ये आणि बँकेच्या मुख्य कार्यालयात बसून साइटवर नोटिसा चढवणाऱ्या माणसाच्या सवयींमध्ये असतो.

साहेबांचा 'दीडपट' हवेतून आलेला नाही. त्यांनी कधीतरी तयार साइट दुरुस्त करायचं काम पाहिलं असणार. प्लास्टर आणि रंग झाल्यावर भिंत फोडून वायरिंग टाकायचं म्हटलं की बिल फुगतंच. पण तुमची साइट अजून व्हायची आहे. इथे साधं बटण घ्या. डेव्हलपर एक रिकामा चौकोन काढतो, त्याला रंग देतो, क्लिक केल्यावर काय व्हावं ते लिहितो. दिसायला झकास. पण टॅब दाबत गेलं तर त्या चौकोनावर थांबता येत नाही, एंटर दाबून काही होत नाही आणि स्क्रीन रीडरला, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर अंध माणसाला वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामला, ते बटण आहे हेच कळत नाही. नंतर ही तिन्ही दुखणी वेगवेगळी निस्तरावी लागतात. एचटीएमएलचं मूळ बटण वापरलं असतं तर तिन्ही गोष्टी फुकट मिळाल्या असत्या. ड्रॉपडाउन, चेकबॉक्स, शीर्षकं, तक्ते यांचंही असंच. इथे सुगम वाट हीच कमी कष्टाची वाट आहे.

खर्चाचे आकडे फुगवून सांगण्याचा सगळ्यात गाजलेला किस्सा सिडनी ऑलिंपिकचा. ब्रूस मॅग्वायर हे अंध गृहस्थ संगणकाला जोडलेल्या ब्रेल पट्टीवर वाचायचे. जून १९९९ मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाकडे ऑलिंपिकच्या साइटबद्दल संयोजन समितीविरुद्ध तक्रार केली. मागण्या तीनच होत्या: चित्रांना आणि चित्रातल्या दुव्यांना पर्यायी मजकूर (चित्रात काय आहे ते शब्दांत सांगणारा) द्या, वेळापत्रकाच्या पानावरून खेळांच्या यादीपर्यंत पोहोचता येऊ द्या, आणि निकालांचे तक्ते वाचता येतील असे करा. समितीने उत्तर दिलं की यात एका माणसाचा वर्षभराहून जास्त काळ जाईल आणि खर्च वीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर जाईल. हा आमच्यावर अवाजवी बोजा आहे. तज्ज्ञ साक्षीदारांनी साइट उघडून पाहिली आणि सांगितलं की अनुभवी माणसांची छोटी टोळी हे चार आठवड्यांत करेल. बरीच पानं मोजक्या साच्यांतून तयार होत होती. साचा दुरुस्त केला की पानं आपोआप दुरुस्त. २४ ऑगस्ट २००० ला आयोगाने निकाल मॅग्वायर यांच्या बाजूने दिला आणि १५ सप्टेंबरपर्यंत, म्हणजे उद्घाटनाच्या दिवसापर्यंत, साइट सुधारायला सांगितलं. समितीने ते पुरतं केलं नाही. नोव्हेंबरमध्ये तिला २०,००० डॉलर भरपाई द्यायला लावली.

यातला तुमच्या कामाचा भाग साच्यांचा आहे. पानं किती आहेत हे विचारून दर काढू नका. बँकेच्या साइटला भले तीनशे पानं असतील, पण साचे आठ-दहा असतात. मेहनत साच्यांच्या संख्येवर मोजायची.

आता कोडमधल्या चुका. वेबएम ही अमेरिकी संस्था दरवर्षी दहा लाख मुखपृष्ठं यंत्राने तपासते. २०२५ च्या तपासणीत ९४.८ टक्के पानांवर यंत्रालाही पकडता येतील अशा चुका सापडल्या. त्या चुकांपैकी ९६ टक्के चुका सहाच प्रकारच्या होत्या: फिकट अक्षरं, चित्रांना पर्यायी मजकूर नसणं, फॉर्मच्या रकान्यांना लेबल नसणं, रिकामे दुवे, रिकामी बटणं आणि पानाची भाषा न सांगणं. यातलं कुठलंही काम कुशल माणसाचं नाही. शिकाऊ मुलगा एका दुपारी दहा साच्यांतल्या फॉर्मना लेबलं लावून देईल.

भाषेची खूण मराठी साइटवर विशेष महत्त्वाची. बरेच तयार साचे अमेरिकेत बनलेले असतात आणि 'भाषा इंग्रजी' अशी खूण घेऊनच येतात. मजकूर मराठी भरला, पण खूण तशीच राहिली, की स्क्रीन रीडर देवनागरी मजकुराला इंग्रजी आवाज लावतो. मग काही ठिकाणी तो गप्प बसतो, काही ठिकाणी एकेक अक्षर सुटं वाचतो. एका ओळीतला एक शब्द बदलायचा असतो. एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर आणि त्याच्यासोबत येणारा ईस्पीक आवाज मराठी वाचतो. आवाज यंत्रासारखा आहे, पण रोज वापरणाऱ्यांचे कान त्याला सरावलेले असतात आणि ते तुम्हा-आम्हाला झेपणार नाही इतक्या वेगाने ऐकतात.

फिकट अक्षरांवरून मात्र भांडण होणार, हे गृहीत धरा. बँकांना केशरी रंग प्रिय. केशरी पट्टीवर पांढरी अक्षरं हा आपल्याकडचा लाडका नमुना. झेंड्यातल्यासारखा केशरी घेतला तर त्याच्या आणि पांढऱ्याच्या उजळपणातल्या फरकाचं प्रमाण (कॉन्ट्रास्ट) जेमतेम २:१ येतं. साध्या आकाराच्या मजकुराला निदान ४.५:१ लागतं, मोठ्या ठळक अक्षरांना ३:१. अध्यक्षांना रंग बदलायचा नसतो. त्यांना सांगा की रंग तोच राहू द्या, फक्त त्यावरची अक्षरं काळी किंवा गडद निळी करू. आणि लोगोला हा नियम लागूच नाही. हे शेवटचं वाक्य ऐकलं की निम्मं भांडण मिटतं, असा माझा अनुभव आहे.

काही कामं तर खर्च कमी करणारी आहेत, कारण त्यात काही बांधायचं नसून काढून टाकायचं असतं. वरच्या पट्टीतून सरपटत जाणारा मजकूर आणि त्याच्या शेजारी लुकलुकणारं 'नवीन' काढा. लक्ष विचलित होणाऱ्या माणसाला पान वाचता येत नाही, आणि हळू वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोरून ओळ निघून जाते. पासवर्ड टाकायला स्क्रीनवर उमटणारा, दर वेळी अक्षरांची जागा बदलणारा कीबोर्ड काढा, निदान सक्तीचा ठेवू नका. पासवर्डच्या रकान्यात पेस्ट करायला केलेली बंदी काढा. तिच्यामुळे पासवर्ड मॅनेजर वापरणारे अडतात आणि लोक सोपे पासवर्ड ठेवतात. डब्ल्यूसीएजी या वेब सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांच्या २.२ आवृत्तीत, म्हणजे ऑक्टोबर २०२३ पासून, लॉगिन करताना स्मरणशक्तीची परीक्षा घेऊ नये असा स्वतंत्र निकष आला आहे. पेस्टची बंदी त्यातच अडकते.

वाकड्यातिकड्या अक्षरांचा कॅप्चा का ठेवलेला असतो तेही समजून घ्या, नाहीतर बँकेचा आयटीवाला तुमचं ऐकणार नाही. ओटीपीच्या प्रत्येक एसएमएसला पैसे पडतात. बॉटने, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामने, हजारो ओटीपी मागवले तर बिल येतं. त्याची भीती रास्त आहे, उपाय चुकीचा आहे. एका क्रमांकाला आणि एका आयपी पत्त्याला तासात किती ओटीपी द्यायचे याची मर्यादा सर्व्हरवर घाला. अंध माणसाला दारातच अडवून एसएमएसचं बिल वाचवायची गरज उरत नाही.

आता जिथे खरोखर पैसे लागतात तिकडे वळू.

पहिला खर्च पीडीएफचा, आणि तो माझ्या मते सगळ्यात मोठा. कुठल्याही सहकारी बँकेची साइट उघडा: वार्षिक अहवाल, सभेची नोटीस, पोटनियम, व्याजदर, कर्जाचे अर्ज, सगळं पीडीएफ. त्यातले निम्मे सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करून चढवलेले. स्कॅन म्हणजे फोटो. स्क्रीन रीडरला त्यात एक अक्षर सापडत नाही. उरलेल्यांपैकी बरेच छापखान्यातून आलेले, युनिकोड ही सगळ्या लिपींसाठीची समान संगणकीय पद्धत येण्याआधीच्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेले. डोळ्यांना ते शुद्ध मराठी दिसतं, आत मात्र रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी असते आणि स्क्रीन रीडर ती खिचडीच वाचतो. ओळखायची युक्ती सोपी आहे. पीडीएफमधलं एक वाक्य कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठी दिसलं तर आशा आहे, कचरा दिसला तर नाही. युनिकोड असूनही काही सॉफ्टवेअरमधून पीडीएफ करताना वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात, तेही याच युक्तीने कळतं.

जुने सगळे पीडीएफ दुरुस्त करायचा प्रस्ताव देऊ नका. तो बँकेला परवडणार नाही आणि त्या भाराखाली बाकीचं कामही बुडेल. २००९ चा अहवाल कोणी उघडत नाही. मी असं सुचवतो: व्याजदर, सेवाशुल्क, तक्रार कशी करायची, शाखांचे पत्ते हे पीडीएफमधून बाहेर काढून साध्या पानांवर आणा. सर्वाधिक वापराचे चार-पाच अर्ज नीट करा. आजपासून येणारा प्रत्येक नवा कागद युनिकोडमध्येच घ्या. जुना कुणाला हवा असेल तर मागितल्यावर अमुक दिवसांत वाचता येईल असा देऊ, असं साइटवर लिहा आणि फोन क्रमांक द्या. व्याजदराचा तक्ता चित्र न ठेवता खरा तक्ता केला, त्याच्या रकान्यांना शीर्षकं दिली, तर अंध माणूस कुठल्याही चौकटीत गेला तरी त्याला 'एक ते दोन वर्षं, ज्येष्ठ नागरिक' असं आधी आणि मग दर ऐकू येतो. वर दर बदलला की डिझायनरला फोन करावा लागत नाही, हा बँकेचा फायदा.

दुसरा खर्च तुमच्या हातात नसलेल्या गोष्टींचा. पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे स्वीकारणारी सेवा), चॅटबॉट, व्हिडिओ केवायसी, नेट बँकिंगचा मूळ सॉफ्टवेअरवाला. तुमची पानं कितीही सुगम असली तरी 'पैसे भरा' दाबल्यावर ग्राहक दुसऱ्याच्या पानावर जातो आणि तिथे अडतो. त्याची दुरुस्ती तुम्ही करू शकत नाही, पण तुमच्या अंदाजपत्रकात त्याचा पाठपुरावा करण्याचा वेळ धरावाच लागतो. लोक हा वेळ विसरतात.

तिसरा खर्च तपासणीचा. यंत्राने होणारी तपासणी फुकट किंवा जवळपास फुकट आहे. ॲक्स, वेव्ह, लाइटहाउस यांतलं काहीही घ्या. पण तिच्यावर विसंबू नका. ब्रिटिश सरकारच्या डिजिटल विभागाने २०१७ मध्ये मुद्दाम शंभरावर अडथळे पेरलेलं पान बनवून वेगवेगळी तपासणी साधनं त्यावर चालवली. सगळ्यात चांगल्या साधनालाही ४० टक्क्यांच्या आसपासच अडथळे सापडले. चित्राला पर्यायी मजकूर आहे की नाही हे यंत्र सांगतं. तो 'आयएमजी ४५२' आहे की 'मिरज शाखेची नवी इमारत' आहे याची त्याला पर्वा नसते. म्हणून माणसं लागतात, आणि ती दिव्यांग वापरकर्तीच असावीत. त्यांना पैसे द्या. 'तुमच्याच भल्यासाठी करतोय, जरा बघून द्या' म्हणून फुकट राबवण्याची आपल्याकडे वाईट सवय आहे. सल्लागाराचं बिल चुकतं करणारी बँक अंध तपासनिसाला चहा-बिस्किटावर वाटेला लावते, हे मी पाहिलं आहे.

चौथा खर्च लहान दिसतो आणि कधीच संपत नाही: शिकवण्याचा. साइट तुम्ही छान करून द्याल. तीन महिन्यांनी मुख्य कार्यालयातला लिपिक सभेची नोटीस व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोच्या रूपात मुखपृष्ठावर डकवेल. त्याची चूक नाही, त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. मजकूर भरण्याच्या पॅनेलमध्येच सोय करा: पर्यायी मजकूर लिहिल्याशिवाय चित्र चढू नये, फोटो-नोटीस चढवायचा प्रयत्न केला तर मजकुराची चौकट समोर यावी. असं पॅनेल करायला दोन-तीन दिवस जास्त लागतात, पण प्रशिक्षणावरचा वारंवार खर्च त्यातून वाचतो. त्या लिपिकाची बदली होणार आहे हेही लक्षात असू द्या.

व्हिडिओचं थोडक्यात. संचालकांच्या भाषणाच्या व्हिडिओला मराठी सबटायटल लावायची तर यंत्राने काढलेली सबटायटल हाताने सुधारावीच लागतात. नावं आणि रकमा तर हमखास चुकतात. कमी व्हिडिओ टाका.

आता संचालकांचा प्रश्न: अंध खातेदार आहेतच किती? २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांग नोंदले गेले, लोकसंख्येच्या २.२१ टक्के, महाराष्ट्रात २९ लाखांहून जास्त. तेव्हाची मोजणी मोजक्याच प्रकारांची होती. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकार मानले. जागतिक आरोग्य संघटना जगाच्या लोकसंख्येच्या १६ टक्के म्हणते. खरा आकडा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असणार. पण संचालक आकडा विचारतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर साइटचा अहवाल असतो, आणि त्या अहवालात अंध माणूस कधीच दिसणार नाही. समोरचा स्क्रीन रीडर वापरतोय की नाही हे साइटला कळतच नाही. ही रचना मुद्दाम तशी आहे, नाहीतर ती माणसाच्या अपंगत्वाची परस्पर नोंद झाली असती. शिवाय ज्याला पहिल्याच पानावर अडायला होतं तो दुसऱ्यांदा येत नाही. तो शाखेत जातो, किंवा मुलाला, शेजाऱ्याला सांगतो, 'जरा बघून दे रे.'

इथे बँकेने थांबून विचार करायला हवा. बँक दर आठवड्याला एसएमएस पाठवते: ओटीपी, पिन, पासवर्ड कोणालाही सांगू नका. आणि तिचीच साइट अंध ग्राहकाला ते तिन्ही दुसऱ्याच्या हाती द्यायला लावते. त्याची शिल्लक किती, त्याने कोणाला पैसे पाठवले, हे घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी कळल्याशिवाय त्याला स्वतःच्या खात्याशी व्यवहारच करता येत नाही. उद्या त्यातून फसवणूक झाली तर 'तुम्हीच ओटीपी सांगितला' म्हणून बँक हात वर करणार. माझ्यासाठी सुगम्यतेचा सगळ्यात वजनदार फायदा हा आहे आणि सुरक्षेची भाषा संचालकांना कळते. त्यांना दयेची गोष्ट सांगू नका. ही सांगा.

दुसरा फायदा ज्येष्ठांचा. सहकारी बँकांच्या ठेवींत निवृत्त लोकांचा वाटा किती मोठा असतो ते संचालक तुमच्यापेक्षा जास्त जाणतात. त्यांच्यासाठीच तर अर्धा टक्का जादा व्याजाची जाहिरात लावलेली असते, आणि साइटवर ती बारीक राखाडी अक्षरांत असते. मोतीबिंदू, मधुमेहाने अधू झालेली नजर, थरथरणारा हात, कमी ऐकू येणं, यांपैकी कशाचंही प्रमाणपत्र कोणी काढलेलं नसतं, पण मोठं अक्षर, ठसठशीत रंग, बोटाला सापडेल एवढं बटण आणि पुरेसा वेळ या चारही गोष्टी त्यांना लागतात. वेळेची गोष्ट विशेष: सुरक्षेसाठी सत्र बंद करायचंच असेल तर आधी इशारा द्या आणि वेळ वाढवून घ्यायची सोय ठेवा. भरत आणलेला अर्ज पुसून टाकू नका.

तुमच्या कंपनीचा फायदाही मोजा. लेबलं आणि बटणांची नावं नीट असली की यंत्रचाचण्या लिहिणं सोपं जातं. हल्लीची चाचणी साधनं पानावरचं बटण त्याची भूमिका आणि नाव यांवरूनच शोधतात. डिझाइन बदललं तरी चाचणी मोडत नाही. आणि पुढेमागे युरोपचं काम घ्यायचं असेल तर युरोपीय सुगम्यता कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला आहे. पुण्यातल्या कंपन्यांकडे तिथले क्लायंट याबद्दल आता आधीच विचारणा करतात. गुगलमध्ये साइट वर येते हा फायदा मात्र मी फारसा सांगत नाही. शीर्षकं आणि पर्यायी मजकूर यांची थोडी मदत होते, पण तेवढ्याने वर येईल असं वचन दिलंत आणि ते फसलं तर सगळाच युक्तिवाद खोटा पडतो.

कायद्याबद्दलही असंच प्रामाणिक राहा. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४६ नुसार सेवा पुरवणाऱ्यांनी, सरकारी असोत वा खाजगी, नियम निघाल्यापासून दोन वर्षांत सेवा सुगम करायच्या होत्या. नियम २०१७ मध्ये निघाले, म्हणजे मुदत केव्हाच उलटली. कलम ८९ खालचा दंड पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत, पुढच्या वेळी ५०,००० ते ५ लाख. पहिला दंड पाहून संचालक हसतील, म्हणून दंडाची भीती घालून काम विकू नका. वारं कुठल्या दिशेला आहे ते दाखवा. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुडी खटल्यात सांगितलं की सुगम्यतेचे निकष नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाही, सक्तीचे हवेत. ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला गेला. तो खटला बँकांशी थेट संबंधित होता: ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे भाजलेल्यांना केवायसीसाठी 'पापण्यांची उघडझाप करा' असं सांगितलं जात होतं. न्यायालयाने वीस निर्देश दिले. पापण्यांच्या उघडझापेला पर्याय द्या आणि ठरावीक काळाने सुगम्यतेची तपासणी करून घ्या, हे त्यांतलेच. सहकारी बँक यातून बाहेर राहील असं समजायला मला काही आधार दिसत नाही.

आणखी एक धोका. कोणीतरी संचालकांना सांगेल, 'एक ओळ कोड टाका, कोपऱ्यात व्हीलचेअरचं चिन्ह येईल, साइट सुगम झाली.' अशा वरून चिकटवलेल्या साधनांवर पैसे घालवू नका. ज्या फॉर्मला लेबलच नाही त्याला काय म्हणायचं हे बाहेरचं साधन अंदाजाने ठरवतं, आणि बँकेच्या फॉर्ममध्ये अंदाज चालत नाही. त्यातली अक्षरं मोठी करायची, रंग उलटे करायची बटणं ब्राउझरमध्ये आणि फोनमध्ये आधीच असतात. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ॲक्सेसिबी या कंपनीला, आपलं साधन कुठलीही साइट निकषांत बसवतं अशा दाव्यांबद्दल, १० लाख डॉलर भरायला लावले. वार्षिक वर्गणीचे तेच पैसे दोन अंध तपासनिसांच्या मानधनात घाला.

बँकेसाठी वेळही सोयीची आहे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या साइट 'बँक डॉट इन' या नव्या पत्त्यावर न्यायच्या होत्या. अनेकांनी तेव्हा घाईने पत्ता तेवढा बदलला आणि साइट जुनीच ठेवली. तुमच्याकडे आलेलं काम बहुधा त्याचीच पुढची पायरी असेल. सगळं नव्याने होतंच आहे तर हे आत्ताच करणं स्वस्तात पडेल.

दर कसा मांडायचा ते सांगतो, कारण साहेबांची अडचण खरी तिथे आहे. 'सुगम्यता' अशी वेगळी ओळ टाकून पुढे रक्कम लिहू नका. क्लायंट पैसे वाचवायला पहिली तीच ओळ खोडतो. रंग, लेबलं, कीबोर्डने वापर, शीर्षकं, भाषेची खूण ही तुमच्या कामाची गुणवत्ता आहे. ती मूळ दरातच धरा. वेगळं दाखवायचं ते खरंच वेगळं असलेलं काम: अमुक इतक्या अर्जांचं रूपांतर, मजकूर भरण्याचं पॅनेल, दिव्यांग वापरकर्त्यांकडून दोन फेऱ्यांची तपासणी आणि त्यांचं मानधन, कर्मचाऱ्यांना एक दिवसाचं प्रशिक्षण, वर्षातून एकदा फेरतपासणी. तारीख निवडायचं दिखाऊ कॅलेंडर त्यांना हवंच असेल तर त्याचे चार-पाच दिवस वेगळे लावा, आणि शेजारी लिहा की दिवस, महिना, वर्ष असे तीन साधे रकाने फुकट आहेत. जन्मतारखेसाठी कॅलेंडर उलगडत १९५२ पर्यंत मागे जाणं कोणालाच आवडत नाही.

करारात 'साइट सुगम असेल' असं मोघम वाक्य नको. निकष म्हणून डब्ल्यूसीएजी २.१ ची एए (तीनपैकी मधली) पातळी लिहा; भारतीय मानक आयएस १७८०२ चा वेबचा भागही तिच्यावरच बेतलेला आहे. पण संचालकांना पन्नास निकषांची यादी दाखवून काही साधणार नाही, म्हणून काम स्वीकारण्याची अट माणसाच्या कामांत लिहा: माउसला हात न लावता आणि स्क्रीन रीडर लावून लॉगिन करणं, शिल्लक पाहणं, पैसे पाठवणं, ठेवीचा अर्ज भरणं, तक्रार नोंदवणं, कार्ड बंद करणं. हरवलेलं कार्ड बंद करायची वाट यादीत सगळ्यात वर ठेवा, कारण तिथे माणूस घाईत आणि घाबरलेला असतो. गेटवेवाल्याकडून आणि मूळ बँकिंग सॉफ्टवेअरवाल्याकडून त्यांच्या पानांचा तपासणी अहवाल आत्ताच, काम सुरू व्हायच्या आधी, बँकेमार्फत लेखी मागा. अहवाल नसेल तर 'नाही' हेही लेखीच घ्या आणि करारात त्या पानांची जबाबदारी कोणाची हे बँकेच्या सहीनिशी लिहून ठेवा.